सत्यभामाबाईंची सही

सत्यभामाबाई फोन कधी कानाला लावत नसत. दुधाचा रिकामा कॅन पालथा घालायचा, त्यावर फोन ठेवायचा, स्पीकर सुरू करायचा आणि कमरेवर हात ठेवून त्या फोनशी भांडायचं, ही त्यांची पद्धत. पलीकडे पुण्याचा एखादा इंजिनिअर असे. अलीकडे बाई, टँकरचे ड्रायव्हर, हमाल आणि बहुतेक वेळा मी. त्यामुळे त्यांचं एकही भांडण खाजगी राहिलं नाही.

त्या गेल्यावर आमच्या दूध संघात शोकसभा झाली. एका वक्त्याने त्यांना ‘मनमिळाऊ आणि मितभाषी’ म्हटलं. माझ्या शेजारी बसलेल्या ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. हे लिहायला बसलो ते त्या दोन शब्दांच्या रागाने. ज्या बाईने मला सात-आठ महिने जेरीस आणलं, तिला निदान मेल्यावर तरी कोणी दुसरीच बाई करून टाकू नये.

बाई दूध स्वीकृतीच्या प्रमुख होत्या. बीड जिल्ह्यातल्या गावोगावच्या संकलन केंद्रांवरून टँकर येत, ते जिथे रिकामे होतात तो धक्का त्यांच्या ताब्यात. शीतगृहात सारखी ये-जा असल्यामुळे भर मे महिन्यातही साडीवर तपकिरी स्वेटर. दिवसभर दुधात वावरून स्वतः मात्र कोरा चहा पीत. कोणी विचारलं तर म्हणत, “हलवाई जिलबी खातो का?”

मी संगणक विभागात. मधल्या सुट्टीत वाचत बसायची सवय असल्याने त्यांनी माझं नाव पुस्तकभाऊ ठेवलं होतं. “ओ पुस्तकभाऊ, खाली या, तुमच्या लाडक्यानं पुन्हा घोटाळा केलाय,” अशी हाक आली की मी खूण घालून पुस्तक मिटायचो. ते पुस्तक त्या उन्हाळ्यात पुरं झालं नाही.

लाडका म्हणजे नवं सॉफ्टवेअर. आमच्याकडे आधीच चार सॉफ्टवेअर होती. एक फाटकावरचं, एक प्रयोगशाळेतलं, एक साठवणीचं, एक हिशेबाचं. चारही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेली, आणि अबोला धरलेल्या जावांसारखी एका घरात राहणारी. त्यांनी आपसात बोलावं म्हणून पाचवं घेतलं. आम्ही त्याला नुसतं ‘जोडणी’ म्हणायचो. टँकर आला की फाटकावर नोंद व्हायची, नमुना प्रयोगशाळेत जायचा, तिथला निकाल जोडणी धक्क्यावर पोचवणार, आणि दूध चांगलं असेल तरच टाकीची झडप उघडणार. मधे माणसाचा हात नको, चिठ्ठी नको, फोन नको, अशी कल्पना. प्रत्यक्षात फोन तिप्पट वाढले.

“मॅडम, आमच्याकडे सगळं ग्रीन दिसतंय,” कॅनवरचा फोन म्हणायचा. हा चिन्मय, जोडणीच्या कंपनीतला तरुण इंजिनिअर. आवाज नेहमी नम्र, आणि ती नम्रताच बाईंना सोसत नसे.

“तुमच्याकडं हिरवं हाय, माझ्याकडं टँकर हाय. उन्हात उभाय. तुमचं हिरवं बघून आतलं दूध थंड राहत न्हाई.”

“फाटकाच्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलंत का मॅडम? त्यांच्या बाजूने असेल काही.”

“इचारलं. ते म्हणले, तुमाला इचारा.”

झडप उघडत नाही ही तक्रार तरी साधी होती. खरी वेगळीच. आठवड्यातून एखाद्या वेळी निकाल भलत्याच टँकरवर पडायचा. पाणी मिसळलेलं दूध एका टँकरमध्ये आणि नापासाचा शिक्का बसायचा दुसऱ्यावर. योगायोग असा की दोनदा तो तलवाडा गावच्या केंद्राच्या टँकरवर बसला. बाईंच्या लक्षात येईपर्यंत दूध परत गेलेलं. संघाचा नियम होता, तीनदा दूध नापास झालं की केंद्र बंद.

चाचणीचा काळ होता तोवर बाईंना निकाल हाताने दुरुस्त करायची मुभा होती, आणि दुसऱ्यांदा फसल्यावर त्या प्रत्येक टँकरचा निकाल प्रयोगशाळेतून तोंडी विचारून घेत, टँकरच्या पत्र्यावर खडूने लिहीत आणि मगच संगणकाच्या पडद्याकडे बघत. पण वापरणाऱ्या सगळ्या विभागांची सही झाली की जोडणी कायम होणार होती आणि ती मुभा जाणार होती. फाटकाची, प्रयोगशाळेची, साठवणीची, हिशेबाची सही झाली. राहिली एकट्या बाईंची.

“तुमच्या एका सहीसाठी सगळं अडलंय,” व्यवस्थापक साहेब म्हणाले. मी तिथेच होतो, बाईंच्या खुर्चीच्या मागे.

“अडू द्या की.”

“बाई, वरून विचारणा होते.”

“वरच्यांना खाली बोलवा, दाखवते. साहेब, तिसऱ्या बारीला तलवाड्याचं केंद्र बंद पडलं, तर तिथल्या बायकांनी दूध घालायचं कुठं? पहाटे उठून धारा काढायच्या अन् वढ्यात वतायच्या का?”

“पण तो दोष आहे हे सिद्ध कुठे झालंय?”

“तलवाड्याचं दूध खराब हाय, हे तरी कुठं झालंय?”

साहेबांनी त्यांना लेखी खुलासा मागितला. बाईंनी तो मला लिहायला लावला आणि प्रत्येक वाक्यावर माझ्याशी भांडल्या.

त्यांच्यावर चिडण्याचं कारण मला रोज मिळे. कंपनीकडे तक्रार नोंदवायची तर ती कधी होते, कशानंतर होते, हे सांगावं लागतं. बाई म्हणायच्या, “लिहा, निकाल खोटा.”

“एवढ्यावर चालत नाही हो. आधी काय झालं, मग काय झालं, ते क्रमाने हवं.”

“ते मला ठाऊक असतं तर तुमच्यापाशी कशाला आले असते?”

आणि त्या ठामपणे चुकत. आधी म्हणाल्या, प्रयोगशाळेतला नवा मुलगा बावळट आहे. त्याला रडकुंडीला आणलं. तो निर्दोष निघाला. मग म्हणाल्या, तार सैल आहे. तार बदलली. मग एक दिवस त्यांना उंदराची लेंडी दिसली आणि त्यांनी मला प्रयोगशाळेचं छत उघडायला लावलं. मी शिडीवर, डोक्यात धूळ, आणि खालून बाई: “डाव्या अंगाला बघा, तिकडंच कुरतडलं असंल!” उंदीर नव्हता. काहीच नव्हतं. मी उतरलो तर म्हणतात, “लई हळू चढता तुमी. तोवर पळून गेला.”

शेवटी कंपनीने चिन्मयला तीन दिवसांसाठी पाठवलं. मला वाटलं, बाई त्याला फाडून खातील. तो आला तो उन्हाने लालबुंद होऊन, पाठीवर बॅग, अंगाला चिकटलेला शर्ट. बाईंनी त्याला पाहिलं आणि त्यांचा आवाजच बदलला.

“अगं माय, केवढंसं पोर हाय हे! जेवलास का रे?”

तीन दिवस त्याला त्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. तो प्रयोगशाळेत बसणार म्हणून तिथे कूलर आणला. दुपारी वीज जाते, मग कूलर बंद पडेल, म्हणून शीतगृहाच्या जनरेटरवरून प्रयोगशाळेपर्यंत लांबलचक केबल ओढून अख्खी खोलीच त्यावर जोडायला लावली. जनरेटरवाला कुरकुरला, डिझेल फक्त शीतगृहापुरतं मंजूर आहे म्हणाला.

“परक्या घरचं पोर घामानं निथळतंय अन् तू डिझेल बघतोस व्हय रे? लाव म्हणलं ना!”

लावलं. आणि तीन दिवस जोडणी एकदाही चुकली नाही. प्रत्येक निकाल आपापल्या टँकरवर. बाई धक्क्यावर येरझाऱ्या घालत होत्या, चूक व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसल्यासारख्या. “बघा, बघा. पाव्हणा घरात आला की द्वाड पोर कसं शहाण्यावानी बसतंय.” चिन्मय संकोचून हसला. त्याच्या अहवालात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: दोष आढळला नाही.

तो दुपारच्या बसने गेला. वाटेत खायला बाईंनी भाकरी बांधून दिली. जनरेटरवाल्याने लगेच केबल गुंडाळायला घेतली. तासाभरात वीज गेली, आली, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या तलवाड्याच्या टँकरवर नापासाचा शिक्का पडला. खडूने लिहिलेला निकाल पास होता. बाईंनी शिवी हासडली, हाताने दुरुस्ती केली आणि मला हाक मारायला वळल्या. मी मागेच होतो. पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. जनरेटरवाल्याच्या खांद्यावरच्या केबलच्या वेटोळ्याकडे पाहत होत्या.

“पुस्तकभाऊ, ह्या तीन दिसांत लाईट गेलती का हो?”

“रोजच की. दुपारी.”

“लॅबची गेलती का?”

मीही त्या वेटोळ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकदमच कळलं. वीज गेली की प्रयोगशाळेतला संगणक बंद पडायचा. त्याच्या बॅटरीत जीव कधीच नव्हता. निकाल मधेच अडकायचा, वीज आली की पुढे सरकायचा, आणि तोवर अडलेला पहिला टँकर बाजूला काढून दुसरा धक्क्याला लावलेला असायचा. उशिरा आलेला निकाल समोर उभा असेल त्याच्या नावावर पडायचा. एवढंच होतं. इतक्या महिन्यांच्या एकाही तक्रारीत आम्ही वीज गेल्याचं लिहिलं नव्हतं. वीज जाणं ही आमच्याकडे कोणी कोणाला सांगायची गोष्टच नव्हे.

बाई कॅनवर बसल्या. “म्या वारा घातला त्याला. भांडून भांडून, म्याच! अन् रोग झाकला.” त्या दिवशी त्यांच्या तावडीत जो सापडला त्याचं काही खरं नव्हतं.

मी सुचवलं, प्रयोगशाळेला नवी बॅटरी घेऊ, प्रश्न मिटेल.

“अन् ती बसली की? तवर माझी सही होऊन गेलेली असणार. मग तलवाड्यानं कुणाला धरायचं, बॅटरीला?”

त्यांचं बरोबर होतं, आणि याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा कॅनवर. चिन्मय म्हणाला की अहवाल बंद झाला आहे. बाई म्हणाल्या, “बंद राहू दे. तू फकस्त पडद्याकडं बघ.” मग त्यांनी धुण्याच्या पाण्याचा टँकर फाटकातून आत घेतला, त्यातल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि यंत्र चालू असतानाच ओरडल्या, “ओढ रे खटका!” प्रयोगशाळा अंधारली. पाण्याचा टँकर बाहेर काढला, तलवाड्याचा धक्क्याला लावला. खटका पुन्हा वर. सगळे पडद्याकडे बघत होते. तलवाड्याच्या दुधात निकालाप्रमाणे दुधाचा थेंबही नव्हता.

“दिसलं का रे?”

फोनमधून कळफलकाची टकटक ऐकू आली. मग, “दिसलं मॅडम. तलवाड्याच्या नावावर पाण्याचा निकाल पडलाय.”

“अन् तुज्याकडं कोणता रंग हाय?”

“ग्रीनच आहे मॅडम,” तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. निरोप पोचला होता ना. कुणाला पोचला, हे जोडणीला कोणी विचारायला सांगितलंच नव्हतं. ड्रायव्हर इतके हसले की एकाला ठसका लागला. बाई हसल्या नाहीत.

मला वाटलं, झालं. पण कंपनीचं पत्र आलं की हा दोष नव्हे, ही नवी मागणी आहे. वीज जाते हे करारात कुठेही लिहिलेलं नाही. मग पत्रव्यवहार. मी लिहायचो, ते उत्तर द्यायचे, साहेब बाईंना बोलवायचे, बाई वर जाऊन तेच बोलून यायच्या. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या टेबलावर असत, घेतल्या का विचारलं तर म्हणत, “तुमच्या कंपनीचा कागद आला का? मग गोळी काय करणार?” खडू मात्र त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. त्या महिन्यांत तलवाड्याचं दूध एकदाही परत गेलं नाही.

एका रविवारी सकाळी, घरी, अंगणात पाणी मारता मारता त्या कोसळल्या. दवाखान्यापर्यंत पोचल्याच नाहीत. सोमवारी मला कोणी खाली हाक मारली नाही. मी दुपारपर्यंत वाचत बसलो आणि एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

नंतर पंधरा दिवसांनी दुरुस्ती आली. चिन्मयने स्वतः करून पाठवली होती. वरिष्ठांशी भांडून, असं पुढे कळलं. मी प्रयोगशाळेचा खटका स्वतः ओढला. टँकर बदलला, खटका चढवला. उशिरा आलेला निकाल धक्क्यावरच्या टँकरवर पडला नाही. निघून गेलेल्या टँकरचा नंबर शोधून त्याच्या नावासमोर जाऊन बसला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच.

“मॅडमना सांगा ना,” चिन्मय फोनवर म्हणाला. “का मीच बोलू? देता का त्यांना?”

त्याला कोणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही. मग त्याने घसा खाकरला आणि जे विचारणं त्याला भाग होतं ते विचारलं: “मग… सही?”

बाईंच्या जागी नुकतेच एक गृहस्थ आले होते. निवृत्तीला टेकलेले, अबोल. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि समजावून सांगायला सुरुवात केली: आधी काय व्हायचं, आता काय होतं, खटका ओढून दाखवतो, चला. त्यांनी पेन काढलं आणि कागद न वाचता सही केली.

मला संताप आला. “अहो, बघा तरी काय आहे ते! याच्यासाठी बाईंनी…”

“बाईंनीच तर अडवून धरलं होतं ना इतके दिवस?” पेनाला टोपण लावत ते म्हणाले. “आता तुम्ही स्वतः घेऊन आलात, म्हणजे नीट झालं असणार. मी आणखी काय बघू?”