बहाव्याखालचा डबा

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि तीही लेकीला झाडं शिकवताना.

इरा नऊ वर्षांची. तिला जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. म्हणजे कोणीतरी झाडाझुडपांत डबा लपवायचा आणि आपण मोबाईलवरच्या नकाशावरून तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. इराने खास प्लास्टिकचा डायनासोर आणला होता. रविवारी इरा, तिची आई मंजिरी आणि मी असे तिघं लालबागहून शीवच्या टेकडीवर पोचलो.

मोबाईल म्हणाला, ‘डबा बहाव्याच्या मुळाशी.’

“बहावा कुठला?” इराने विचारलं.

“हा काय! शेंगा बघ केवढ्या लांब!” मी छाती काढून म्हणालो. (आमचं मूळ गाव मालवण. झाडं रक्तातच!)

“अहो, हा गुलमोहर वाटतोय,” मंजिरी म्हणाली.

“तू गिरगावात वाढलीस. राहू दे.”

आणि खरंच, मुळाशी फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा! किंचित कोमट. (उन्हामुळे, मी खुलासा केला.)

“बाबा, यात भाकरी आहे.”

“जुने खेळाडू असं काहीतरी ठेवतात!”

“बाबा, काळ्या वाटाण्याची उसळपण आहे. वही नाहीये.”

“पळवली असेल कोणीतरी! लोकांना शिस्त म्हणून नाही!”

असं म्हणून मी नियमाप्रमाणे एक वस्तू घेतली. नाचणीचा लाडू होता. नियमाप्रमाणे खाल्लाही. इराने भाकरीवर डायनासोर ठेवला, मंजिरीने फडकं बांधलं. तेवढ्यात हातात कोयता घेतलेल्या माळीणमावशी आल्या. आमच्यासमोरच त्यांनी डबा सोडला आणि किंचाळल्या,

“माझ्या डब्यात ही पाल कोणी घातल्यान?”

मी पळायच्या बेतात होतो, पण इरा रडायला लागली. “मावशी, सॉरी! बाबांनी तुमचा लाडू खाल्ला!”

मावशींनी कोयता खाली ठेवला. आधी इराचे डोळे पुसले, मग माझ्याकडे वळल्या. “गाव खंयचा?”

“मालवण,” मी जमिनीला सांगितलं.

“मालवणचो! आणि बहावो वळखूक येणा नाय?”

मंजिरी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मावशींनी इराचा हात धरला आणि दोन्ही झाडांच्या शेंगा दाखवल्या. गुलमोहराची चपटी, तलवारीसारखी. बहाव्याची गोल, काठीसारखी. पलीकडच्या खऱ्या बहाव्याच्या मुळाशी असलेल्या ढोलीत इराला पत्र्याची छोटी डबी सापडली, तेव्हा तिच्याहून मोठ्याने मावशीच ओरडल्या. मग त्यांनी सगळ्यांना अर्धी-अर्धी भाकरी दिली. मलाही.

डबीतल्या वहीत इराने लिहिलं, ‘शोधणारे : इरा, आई आणि मावशी.’

“आणि मी?” मी विचारलं.

इराने बराच विचार केला. मग खाली लिहिलं, ‘पेन बाबांनी दिलं.’

पेन मंजिरीचं होतं!