शेवंतीच्या डोक्यावरचं पान

गोदूबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई मुकी आहे. हसा, हसा. मीही हसते अजून. माझा भाऊ काळुराम, त्याच्या शेवंतीचं लग्न ठरलं, तेव्हा ही लग्न लावायला बाळकुमाहून आमच्या माजिवड्याला आली. आमच्यात लग्न भटजी नाही, धवलारीण लावते, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन. मी विचारलं, पाणी? तिनं मान हलवली. भाकरी? पुन्हा मान. दिवसभर मी तिच्याशी हातवारे करत बसले. संध्याकाळी वहिनी म्हणाली, "अगो, गला राखते ती. लग्नाआधी फुकट बोलत नाय."

फुकट बोलत नव्हती. भांडण आलं की गळा मोकळा.

भांडण असं आलं. शेवंतीच्या सासरचं, कळव्याचं देवक उंबर. म्हणजे लग्नात पुजायचं त्यांच्या कुळाचं झाड. तेही येऊरच्या डोंगरातलं एकच, आजे-पणज्यांपासूनचं. त्याची फांदी मांडवात यायची, तिथून घरच्या देवापुढं. पण त्या साली सरकारनं रानाला हद्दीचे दगड घातले आणि सहदेव नावाचा शिपाई बसवला. घाटावरचा गडी. नवा पट्टा, नवी काठी, मिशी मात्र अजून यायची होती. "काडी तोडू दिली तर माझी नोकरी जाईल, मावशी," म्हणाला. खोटं नव्हतं ते.

काळुराम म्हणाला, मिठागराच्या बांधावरच्या उंबराची आणू. उंबर तो उंबर. त्यावर शेवंतीच्या सासूचा, कमळाबाईचा, निरोप आला, "शेजाऱ्याच्या बापाला बाप म्हनाचा काय? देवक घरान आला नाय, तं सून पन येनार नाय." शेवंतीनं जेवण टाकलं. एरवी माझ्या ताटातली मासळी पळवणारी पोर.

तेव्हा गोदूबाईनं तोंड उघडलं. "फांदी येत नाय? मंग मांडव जाईल."

मला घेऊन ती सहदेवाकडे गेली.

"झाडाखाली उभं ऱ्हायलं तं चालंल?"

"उभं राहा की."

"मांडवाच्या मेढी?"

"खड्डा खणायचा नाही."

"चूल?"

"विस्तव? रानात? आणि ऐका, पान एकसुद्धा न्यायचं नाही."

"बरा," म्हणाली गोदूबाई. तिचं ते 'बरा' मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

मग तिनं सगळं जमवलं. जेवण खाली गावात. मेढींच्या जागी चार मामे, हात वर करून कापड धरायला. कमळाबाईला निरोप गेला. ती म्हणाली, झाडाखाली लगीन चालेल, पण पान घरी पाहिजे. गोदूबाई म्हणाली, "बघू."

लग्नाच्या सकाळी कमळाबाई डोंगर चढली ती वाटेतल्या प्रत्येक दगडाला शिव्या घालत. एक मामा शिंकला आणि मांडव कलला. पण लग्न लागलं. मग नवरानवरी मांडवाबाहेर येऊन उंबराच्या पाया पडायला वाकली, आणि गोदूबाईनं शेवटचा धवला उचलला. काय गळा! सूर वर चढला की बाई मागं रेलायची, आणि मागं होती खाली झुकलेली फांदी. मी शेजारीच होते. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

एक पान आलं आणि शेवंतीच्या मुंडावळीत अडकलं.

"ते पान खाली टाका," सहदेव धावला.

"तोरला कोनी?" गोदूबाई.

"पडलेलं असलं तरी सरकारचंच."

"मंग घे ना काढून. सरकारच्या मालाला आमी कनाला हात लावू?"

सहदेवानं हात उचलला. चारही मामे एकदम खाकरले. हळदीच्या नवरीच्या डोक्याला परका बाप्या हात लावणार? हात जागच्या जागी खाली आला.

"मावशी, तुम्ही काढा," तो मला म्हणाला.

"मी? मला कुठं सरकार पगार देतंय?"

तोवर कमळाबाईनं सुनेचं मानगूट धरलं होतं. "मान हलवू नको गो पोरी, सरल चल." आणि शेवंती, डोक्यावर भरली घागर असल्यासारखी, डोंगर उतरायला लागली. कळव्याच्या देवापर्यंत ती तशीच गेली.

सहदेव गोदूबाईकडे वळला. "खरं सांगा, फांदी हलवली कुणी?"

गोदूबाईनं गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

बाई पुन्हा मुकी झाली होती.