रिव्हर्स आणि दोन इटालियन गाड्या

मैत्रिणींनो, आज दोंडाईच्याहून धुळ्याला येताना भाऊ आणि मी सोनगीरला ढाब्यावर चहाला थांबलो, तर अंगणात दोन इटालियन सुपरकार! एक चाळीसेक वर्षांपूर्वीची, दुसरी अगदी नवी. दोन्ही एका हौशी आजोबांच्या. नवी त्यांची सून चालवत होती.

निघताना सुनेने स्क्रीनवर मागचं बघत गाडी सहज काढली. जुन्या गाडीतून मात्र मागचं काही दिसतच नाही. आजोबांनी दार वर उचललं, दाराखालच्या काठावर बसले, पाय आत पेडलवर ठेवले आणि मान वळवून गाडी मागे घेतली.

"नवी सोपी, नाही का?" मी विचारलं.

"सोपीच! या जुनीच्या क्लचने पाय भरून येतो. पण ही अशीच काढावी लागते, ताई."

माझे हे गेल्यापासून त्यांची गाडी मीच चालवते. रिव्हर्स आला की मात्र उतरते आणि भाऊ काढून देतो. आजही तो म्हणाला, "उतर, मी काढी देस. तुन्हाघाई व्हनार नही. इकी टाक ना ही गाडी!"

माझ्याने होणार नाही म्हणे! मी उतरले नाही. दार उघडून मान बाहेर काढली.

"आस्ते! मांगे खाट शे!" भाऊ ओरडला.

खाटेला जरासा धक्का लागला, पण गाडी निघाली.

गाडी विकायची नाही, हे भावाला सांगून टाकलंय. उद्या एकटीच जळगावला, मेहरूणला लेकीकडे निघालेय. तिच्या गल्लीत गाडी वळत नाही, रिव्हर्सच घ्यावा लागतो.

तुमचं असं कोणतं काम अजून दुसरंच कुणी करून देतंय?