निंबाखालचा ओटा

"या ओट्यावर टोकदार दगड बसवा," नगरपालिकेचे साहेब म्हणाले. तेव्हा ओट्यावर पाच-सहा बायका बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

मी आर्किटेक्ट. वाशिम जिल्ह्यातल्या एका छोट्या शहरात चौक सुशोभीकरणाचं काम माझ्याकडे होतं. माझ्या ड्रॉइंगमध्ये बाकं कडुनिंबाच्या सावलीत, समोरासमोर होती. साहेबांनी ती बंद कारंज्याभोवती भर उन्हात मांडली. का, तर फोटोत सिमेट्री दिसते! साहजिकच लोक निंबाखालच्या जुन्या ओट्यावरच बसत. शेलूबाजारला जाणारी जीप प्रवाशांनी भरेपर्यंत तिथे सोयरिकी जुळायच्या.

उद्घाटन तोंडावर आलं.

"ओट्यावर जागाच नसली की लोक बाकांवर जातील. सिम्पल," साहेब म्हणाले.

"सर, बाकांचा ग्रॅनाइट उन्हात तापतो. लोक उभे राहतील, पण तव्यावर बसणार नाहीत."

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता."

मी नकार दिला. त्यांनी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून सिमेंटमध्ये दगड रोवून घेतले. याला आमच्यात 'पब्लिक मॅनेजमेंट' म्हणतात. म्हणजे दमलेल्या माणसाला बसू न देणं.

उद्घाटनाच्या सकाळी आसेगावच्या गोदामावशी आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. दगड पाहून थबकल्या.

"पाहून काय राह्यला? दे ना ते पोते इकडं!" त्या चहावाल्यावर ओरडल्या.

त्याने रिकामी पोती दिली, वर एक फळीही आणली. बायकांनी दगडांवर फळी टाकून वर पोत्यांच्या घड्या घातल्या. ओटा आधीपेक्षा मऊ झाला.

मुख्य पाहुणे दुपारी उगवले. फीत कापून फोटोसाठी बाकावर टेकले आणि ताडकन उठले. घाम पुसत सरळ निंबाखाली गेले.

"या भाऊ, बसा," गोदामावशी सरकल्या. "पोत्यावरच बसा. खाली गोटे हायेत. कोन्या येड्यानं लावले, काय मालूम!"

पाहुण्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"ड्रेनेजसाठी आहेत, सर."

"ओट्यावर?"

बायका खदखदून हसल्या. साहेब उन्हात उभे होते. त्यांच्यासाठी कुणीही सरकलं नाही.

दगड त्याच संध्याकाळी निघाले. 'नागरिकांच्या सोयीसाठी ओट्याचं नूतनीकरण' अशी बातमीही साहेबांनी छापून आणली. बाकं अजून उन्हातच आहेत. त्यांवर लोक मिरच्या वाळवतात, आणि छान वाळतात.

बाकाची जागा ठरवणाऱ्याने तिथे एकदा दुपारी बसून बघावं. पण ऑफिसातला एसी सोडून कोण येतं?