हेडफोनमधली घरघर
ओल्या बारदानाचा वास आला की मला आमची धान ठेवायची खोली आठवते. बाबांची एकतारीवरची भजनं रेकॉर्ड करायची म्हणून मी ती रिकामी केली होती आणि पोत्यांत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून ती पोती चारही भिंतींना टांगली होती. आवाज घुमायचा थांबला, इतका की टाळी वाजवली तरी ती हातातच विझायची. दुपारी बाबा माइकपुढे मांडी घालून बसले, मी हेडफोन लावले, तर एकतारीच्या खाली एक बारीक घरघर. मी पंखा बंद केला, वायर बदलली, शेवटी माइकही बदलला, पण ती जाईना. ‘‘मशीनच खराब असन,’’ बाबा म्हणाले, ‘‘मले तं काहीच आयकू येऊन नाही राहिलं.’’ वैतागून मी म्हटलं, ‘‘तुमी जरासं पाणी पिऊन या ना.’’ ते बाहेर गेले, दार लागलं आणि हेडफोनमधली घरघर थांबली. ते परत येऊन बसले, तशी ती पुन्हा सुरू झाली. ती त्यांच्या छातीतली होती, हे मला तेव्हाच कळलं. ‘‘सापडलं काय?’’ त्यांनी विचारलं. त्या दिवशी त्यांचा गळा फार छान लागला होता. ‘‘वायरच होती,’’ मी म्हटलं, आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून ती घरघर एकेका ओळीतून पुसून काढली. पुढच्या धानकापणीला बाबा नव्हते. रेकॉर्डिंग किती साफ आहे, असं लोक अजून म्हणतात. खरंच साफ आहे, त्यात बाबा कुठेच श्वास घेत नाहीत.