राहिलेले सहा खड्डे

नवनीतनं प्लॉटच्या दलालीत पाऊल टाकलं तेव्हा शहाद्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं. बाप लोणखेड्याचा शेतकरी, ऊस आणि पपईवाला. बाकी दलालांकडे गाड्या होत्या, ओळखी होत्या. नवनीतकडे जुनी मोटारसायकल होती आणि खड्डे खणायला मी होतो.

आमच्याकडची काळी माती घराला वाईट. पावसात फुगते, उन्हात फाटते, आणि वरच्या भिंतीलाही फाडते. खाली मुरूम लागला तरच पाया टिकतो. म्हणून नवनीतचा नियम होता की प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र खड्डा. मुरूम लागला तर गिऱ्हाईक आणायचं, नाही लागला तर तो प्लॉट सोडून द्यायचा. शेजारच्या खड्ड्यावरून अंदाज करायचा नाही.

मी दिवसाला दोन खड्डे खणायचो. शेवटी तो स्वतः आत उतरायचा, बोटानं मुरूम खरवडून बघायचा. मग गिऱ्हाइकाला उतरवायचा. सौदा ठरला की लोक आपल्या खड्ड्यातला मूठभर मुरूम फडक्यात बांधून नेत आणि पाया भरताना पहिल्या दगडाखाली टाकत. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. पण नवनीतचं गिऱ्हाईक फडकं घेऊनच यायचं.

मयंक म्हणून दुसरा दलाल होता. चहाच्या टपरीवर तो नवनीतला छेडायचा. "नवनीतभाऊ, तू प्लॉट इकस का इहिरी खंदस?"

"मन्हं गिऱ्हाईक भांडाले येत नही," नवनीत म्हणायचा, "संगे दुसरं गिऱ्हाईक लई येस. तुन्हं कसं काय?"

टपरी हसायची. मयंकही हसायचा.

चौदा वर्षं एकही खड्डा सुटला नाही. मे महिन्यात सुटला नाही, त्याला ताप होता तेव्हा सुटला नाही. त्याचं नाव झालं ते ह्यामुळे. त्याला गोड बोलता येत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी जमीनमालक रिषभशेठनं म्हसावद रस्त्यावरचे बावीस प्लॉट त्याच्याकडे विकायला दिले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आठ दिवस होते. आखाजीच्या मुहूर्तावर जागा घ्यायची म्हणून लोक वर्षभर थांबतात. बावीस खड्ड्यांना मला अकरा दिवस लागणार होते. दुसरा माणूस लाव, असं मी म्हणालो नाही. माझं काम मला वाटून द्यायचं नव्हतं. आठ दिवसांत सोळा झाले. सगळ्यांत चार फुटांवर मुरूम.

सोळाव्या खड्ड्याच्या काठावर नवनीतनं घड्याळ बघितलं. "सोळामा मुरूम लागना. सहामा काय सोनं लागी? ऱ्हाऊ दे बाबा, हात धुई ले."

माझे गुडघे दुखत होते. मी हात धुतले.

राहिलेल्या सहांतला एक प्लॉट धनुबाईनं घेतला. ती वसतिगृहात स्वयंपाक करायची. नवरा नव्हता, मुलगी सासरी. तिच्या भावाला, हेमकांतला, नऊ वर्षांपूर्वी नवनीतनंच जागा दिली होती. आखाजीला ती नवं लुगडं नेसून, फडकं घेऊन आली.

"मन्हा खड्डा कोठे शे भाऊ?"

"हाऊ शेजारनाच दख, मावशी. चार फुटवर मुरूम शे."

तिनं वाकून बघितलं. मी त्या शेजारच्या खड्ड्यातला मुरूम काढून तिच्या फडक्यात घातला. तिनं तो कपाळाला लावला.

पुढच्या वर्षी तिनं दोन खोल्या बांधल्या. गवंड्यानं साडेतीन फुटांवर पाया थांबवला. नवनीतभाऊचा प्लॉट, अर्ध्या फुटाखाली मुरूम असणारच, असं तो म्हणाला. पहिल्या दगडाखाली शेजारच्या खड्ड्यातला मुरूम गेला.

दुसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत फाटली. मग बोट जाईल एवढी, मग हात जाईल एवढी. धनुबाई हेमकांतला घेऊन नवनीतच्या ऑफिसात आली. ओरडली नाही.

"भाऊ, आते तरी मन्हा खड्डा खंद."

तोवर मी खणायचं काम सोडलं होतं, तरी टिकाव घेऊन गेलो. भिंतीपासून लांब, अंगणात खणलं. घमेलं नवनीतनं स्वतः ओढलं. चार फुटांवर काळी माती. सहा फुटांवर राख आणि विटांचे तुकडे. नऊ फुटांवरही राखच. कधीकाळी तिथे वीटभट्टी होती. माती काढून झालेला खड्डा कुणीतरी भरून वर नांगर फिरवला होता. मी आणखी एक प्लॉट पुढे गेलो असतो तर हे त्याच दिवशी कळलं असतं.

हेमकांत काठावरून म्हणाला, "मयंककडथीन लेतूत तं आम्हीन सोता खंदी दखतूत. तू खंदस म्हनीसन खंदं नही."

नवनीतनं राखेचं पुढचं घमेलं वर ओढलं.

भाद्रपदात ती भिंत भरदुपारी पडली. धनुबाई वसतिगृहात भाकरी थापत होती म्हणून वाचली. उरलेल्या पाच प्लॉटवाल्यांनीही खड्डे खणून घेतले. दोघांकडे राख निघाली. त्यानंतर नवनीतच्या ऑफिसात नवं गिऱ्हाईक आलं नाही. मयंक अजून विकतो, खड्डा न खणता. त्याच्याकडे खड्डा कुणी मागत नाही.

नवनीतनं लोणखेड्यातली स्वतःसाठी ठेवलेली जागा धनुबाईच्या नावावर केली. गेल्या महिन्यात तिथला खड्डा त्यानं एकट्यानं खणला. पन्नाशीला आलेला माणूस, टिकाव धरायची सवय नाही, तळहात सोलून निघाले. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "बस बाबा, तू बस." धनुबाई सकाळपासून काठावर उभी होती. दुपारी पाच फुटांवर मुरूम लागला. तो पिवळा, घट्ट, चांगला होता.

नवनीतनं खालून ओंजळ भरून वर धरली.

धनुबाईनं वाकून मुरूम नीट बघितला. तिनं फडकं आणलं नव्हतं. पदरही पुढे केला नाही. "आते गवंडीले दखाड," एवढंच म्हणाली आणि रस्त्याला लागली. नवनीत तसाच हात वर करून खड्ड्यात उभा राहिला.