लिथियमचा काटा आन थोरला जावई

काय सांगावं बाप्पा! माणसानं माती खावी, पण सासरवाडीत, मेहुणीच्या लग्नात खावी का? मी खाल्ली. हसू नका, आधी ऐका तर.

युसूफ वडगाव ह्या गावात माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हंजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, दुकान हाय. एका जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन काढून मीच ती करंटवर आणली. सहा वर्षं लेड-अ‍ॅसिडच्या बॅटऱ्यांवर चालवली. लई जड, सारखं पाणी मागायच्या. पर इमानदार! चार्ज कमी झाला की मीटरचा काटा हळूहळू खाली यायचा. पार तळाला गेला तरी झाडाखाली अर्धा तास उभी केली, की दम घेऊन गाडी पुन्हा दोन किलोमीटर जायची.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी त्या काढून लिथियमची नवी बॅटरी बसवली. लग्न तेलगावला. शाळेत उतरलेल्या नवरदेवाला शेतातल्या मांडवात आणायचं काम थोरला जावई म्हणून माझ्याकडं. सासऱ्यांच्या जिवाला घोर.

"जावाईबापू, जीप सांगू का?"

"मामा, काटा बघा! सकाळपासून फिरतोय, हलला का?"

खरंच हलला नव्हता! मग काय, माझ्या अंगातच आलं. आत्याबाई, मावश्या, आचारी, त्याच्या कढया, सगळं मांडवात नेऊन टाकलं. काटा जागचा हलेना. म्हणलं, ही बॅटरी काय संपत न्हाई आता.

शेवटी नवरदेव बसवला. मांडव दिसायला लागला, आन गाडी खट्कन बंद!

"काय झालं, साडूभाऊ?"

"काय न्हाई. दम घेऊ द्या तिला."

"मी पायी जाऊ का?"

"नवरदेव पायी? माझी इज्जत जाईल की हो!"

बसलो बाभळीखाली. दहा मिन्टं, वीस मिन्टं. मांडवातून भोंगा ओरडतोय, "मुहूर्ताची येळ झाली, नवरदेवाला आणा!" माझं रडायचंच बाकी होतं. बॅटरीवाल्याला फोन लावला.

"अर्धा तास आराम दिलाय, उठंना!"

"आराम? ती काय बैल हाय का? लिथियमचा काटा शेवटपर्यंत जागेवर असतो. संपली की आतलं सर्किट गाडी बंद पाडतं. आता चार्जिंगशिवाय उठायची न्हाई. सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं हो! मीच म्हणलो होतो, 'मला शिकवतो का बे?'

मागून उसाचा एक ट्रॅक्टर आला. त्याला दोर बांधला. पुढं ट्रॅक्टर, मागं गाडीत नवरदेव, आन मी नुसतं स्टेअरिंग धरून. वैऱ्यावर अशी पाळी येऊ नये! मुहूर्त टळता टळता पोचलो.

अक्षदा पडल्या. भोंग्यावर पुकारा झाला, "नवरदेवाला मुहूर्तावर आणणाऱ्याचा फेटा बांधून सत्कार!" बघतो तर मामा फेटा घेऊन माझ्याकडंच येतायत. म्हणलं, कितीबी झालं तरी थोरला जावई हाय मी. डोळे भरून आले. वाकून डोकं पुढं केलं.

"जरा सरका, जावाईबापू," मामा म्हणाले, आन माझ्यामागं उभ्या ट्रॅक्टरवाल्याला फेटा बांधला.